एका चित्रात एकच बदल

डोळ्याला फसवणारी तुझी ऑप आर्टची (दृष्टिभ्रमाच्या कलेची) चित्रं सावकाश पाहिली. हात स्वच्छ आहे, कडा धारदार आहेत. तिथे मला काही सांगायचं नाही. पण प्रत्येक चित्रात रेषाही वळल्या आहेत, आकारही लहानमोठे झाले आहेत आणि वर पाच-सहा रंगही आहेत. त्यामुळे डोळा गोंधळतो, फसत नाही. फसण्याआधी त्याला चित्राचा नियम कळल्यासारखा वाटायला हवा. मग तो नियम हळूच सरकला की पाहणारा हादरतो.

ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायली यांचं १९६१ सालचं ‘मूव्हमेंट इन स्क्वेअर्स’ बारकाईने बघ. बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन. त्यांची उंची कुठेच बदलत नाही. बदलते ती फक्त रुंदी. मध्याच्या जरा उजवीकडे ते अगदी चिंचोळे होतात, पुन्हा रुंदावतात, आणि सपाट पृष्ठभाग आत दुमडल्यासारखा दिसतो. ना छाया, ना यथार्थदर्शन (दूरचं लहान दाखवून खोली भासवणं). घडी नेमकी मध्यावर नाही, हे मला त्या चित्रातलं सर्वांत धाडसी वाटतं. रंग त्यांनी १९६७च्या सुमारास हाती घेतला, त्याआधी काही वर्षं काळा, पांढरा आणि करडा एवढ्यावरच काम केलं. तूही काही महिने तसंच कर.

आपण एका बिंदूवर नजर रोखली तरी डोळ्याची बारीक हालचाल थांबत नाही. दाट पट्ट्या लवलवताना दिसतात त्यामागे तिचा मोठा वाटा आहे. म्हणून पट्टीची जाडी आणि पाहण्याचं अंतर यांचा विचार एकत्रच करावा लागतो. हातभर अंतरावरून लवलवणारं चित्र खोलीच्या दुसऱ्या टोकावरून नुसतं करडं दिसू शकतं. आणि फोनवरच्या फोटोवर विसंबू नकोस. त्यात पडद्याच्या जाळीमुळे मूळ चित्रात नसलेल्या लाटाही उमटतात.

रंगाकडे वळशील तेव्हा आधी ब्रश नको, रंगीत कागद घे. चित्रकार आणि कलाशिक्षक योझेफ आल्बर्स विद्यार्थ्यांना हेच करायला लावत. एकाच तपकिरी कागदाचे दोन तुकडे काप, एक गडद आणि एक फिकट पार्श्वभूमीवर ठेव. ते दोन वेगळे रंग वाटेपर्यंत पार्श्वभूमी बदलत राहा. एका बैठकीत जमणार नाही, पण डोळा इतका तयार करणारा दुसरा सराव मला माहीत नाही. आल्बर्सच्या कितीतरी आधी पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात, जिथे भिंतीवर टांगायची चित्रं विणत, काळे धागे निस्तेज दिसतात अशी तक्रार आली होती. शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने शोध घेतला तेव्हा दोष धाग्याच्या रंगात नव्हता, शेजारच्या रंगांत होता. शेजारच्या रंगांच्या या परिणामावरचा त्याचा ग्रंथ १८३९ मध्ये आला. आल्बर्सनी तर १९५०पासून १९७६ साली मृत्यू येईपर्यंत एकात एक चौकोनांची मालिका रंगवली. मांडणी ठरलेली, रंग तेवढे बदलत गेले.

१९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ हे प्रदर्शन झालं, आणि बघता बघता या नक्ष्या कपड्यांवर आल्या. रायलींना ते मुळीच रुचलं नाही. मलाही वाटतं: नक्षी उचलता येते, तिच्यामागचं पाहणं उचलता येत नाही.

पुढच्या वेळी पूर्ण झालेली चित्रं पाठवू नकोस. आलेख कागदावरचे कच्चे आराखडे पाठव, फसलेलेही, आणि प्रत्येकाखाली कोणती एक गोष्ट बदलली ते लिही.