एका पीसीचे चार आकडे, खरा कोणता?

प्रश्न : सर, दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः पीसी असेंबल केला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, सोबत मिळालेला कूलर, बी५५० मदरबोर्ड, पुढे दोन फॅन, मागे एक. एप्रिल लागला तशी धास्ती वाटायला लागली. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) प्रोसेसर ५४ डिग्री दिसतो. विंडोज सुरू झाल्यावर एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ४३, आणि त्याच यादीत खाली एक सेन्सर कायम १२७! वायरवाला डिजिटल थर्मामीटर आणून कॅबिनेटमध्ये सोडला, तो ४८ म्हणतो. मित्र म्हणतो थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावतात ती) बदल. कोणाचं ऐकू?
— एक विद्यार्थी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : पेस्ट राहू द्या तूर्तास. आधी १२७ ला यादीतून लपवून टाका. मदरबोर्डवर तापमान आणि फॅनचा वेग वाचणारी एक छोटी चिप असते. तिला सेन्सर जोडायच्या जागा बऱ्याच असतात, कंपनी त्यातल्या मोजक्याच वापरते. रिकाम्या जागी चिप काहीही वाचते, कधी १२७, कधी उणे १२८. खरंच १२७ अंश असते तर तुम्हाला वासावरूनच कळलं असतं.

बायोस आणि विंडोज यांतला फरकही साधा आहे. बायोसमध्ये असताना प्रोसेसरची वीज वाचवण्याची व्यवस्था पुरती चालू झालेली नसते, त्यामुळे काम नसतानाही तो गरम राहतो. विंडोजमध्ये निवांत बसतो. तेव्हा बायोसचा आकडा सोडून द्या. एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘टीसीटीएल/टीडाय’ नावाची ओळ आहे, ती धरून चला. ब्राउझर उघडल्याबरोबर ती दहा अंशांनी उडी मारते आणि खाली येते. रायझनचा स्वभावच तो.

आता तुमचा ४८. प्रोसेसर ४३ वर आहे आणि त्याला गार करणारी हवा ४८ ची, हे कसं जमेल? हवेवर चालणारा कूलर भोवतालच्या हवेपेक्षा खाली नेऊच शकत नाही. म्हणजे थर्मामीटरचं टोक हवेत नाही, कशाला तरी टेकलंय. बहुधा ग्राफिक्स कार्डाच्या मागच्या पत्र्याला. (मे महिन्यात ‘माझा प्रोसेसर २६ वर चालतो’ सांगणारेही भेटतात. खोली ३५ ची आणि प्रोसेसर २६ चा! इंटेलच्या प्रोसेसरमधला सेन्सर कमाल मर्यादेपासून किती खाली आहोत एवढंच सांगतो, सॉफ्टवेअर ते मर्यादेतून वजा करतं. सॉफ्टवेअरने मर्यादाच चुकीची धरली की सगळे आकडे सरकतात. शिवाय हे सेन्सर वरच्या टोकाला भरवशाचे, खालच्या टोकाला ढिले.)

मी अंबडच्या एका कारखान्यात कॅलिब्रेशन रूममध्ये, म्हणजे मोजमापाची साधनं तपासण्याच्या खोलीत, नोकरी केली. तिथे खोली वर्षभर २० अंशांवर ठेवायची, कारण मोजमापाची सुरुवात खोलीपासून होते. घरी ते परवडणार नाही, पण खोलीचं तापमान आकड्याशेजारी लिहायला पैसे पडत नाहीत. समजा, जानेवारीत खोली १७ ची आणि लोडवर, म्हणजे पूर्ण कामाला लावल्यावर, प्रोसेसर ६१. एप्रिलमध्ये खोली ३७ ची आणि प्रोसेसर ८१. वरवर पाहता वीस अंश वाढले. वजाबाकी केली तर दोन्ही वेळा ४४. मशीन आहे तसंच आहे, ऊन वाढलंय. ही वजाबाकी वाढली तरच पेस्ट, धूळ, फॅन यांच्याकडे वळायचं.

मोजण्याआधी थर्मामीटर तपासून घ्या. थर्मासमध्ये बारीक फोडलेला बर्फ भरा, फटी भरतील इतकंच पाणी घाला, ढवळा. टोक प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत गुंडाळून मधोमध धरा, भिंतीला लागू देऊ नका. पाचेक मिनिटांनी शून्य दिसायला हवं. दीड दाखवत असेल तर पुढच्या प्रत्येक आकड्यातून दीड वजा. दुसरी तपासणी काही जण उकळत्या पाण्यात करतात आणि १०० दिसेना म्हणून थर्मामीटरला नावं ठेवतात. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. तो ९८ दाखवत असेल तर त्याचा सन्मान करा.

टोक कुठे ठेवायचं? एकदा पुढच्या फॅनसमोर, बाहेरच्या बाजूला दोन बोटांवर. मग मागच्या फॅनच्या आत. वायर चिकटपट्टीने बसवा, पण शेवटचा इंचभर भाग अधांतरी राहू द्या. ग्राफिक्स कार्डाच्या थेट समोरही नको, त्याची धग न टेकताही लागते. तिसरं माप खोलीचं, कॅबिनेटपासून चार हात लांब. बाजूचं झाकण लावलेलं, छताचा पंखा रोजच्याच नंबरावर, कॅबिनेटचे फॅन बायोसमधून एका वेगावर बांधलेले. मग प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांनाही कामाला लावा आणि अर्धा तास हात लावू नका. प्रोसेसर दहा मिनिटांत स्थिर होतो, कॅबिनेटमधली हवा आणि पत्रा सावकाश तापतात. मध्येच लाईट गेली तर पहिल्यापासून.

पुढच्या फॅनसमोरची हवा खोलीपेक्षा पाच-सहा अंश गरम निघाली तर दोष पीसीचा नाहीच. तो कॉम्प्युटर टेबलच्या कप्प्यात कोंडलाय आणि स्वतःचीच गरम हवा परत ओढतोय. मागची हवा पुढच्यापेक्षा किती गरम असावी, याचा हिशेब निघतो : आत ३०० वॅट उष्णता तयार होत असेल आणि फॅन मिनिटाला ५० घनफूट हवा खरोखर बाहेर काढत असतील, तर फरक दहा-अकरा अंशांचा. २० आला तर हवा निम्मीच जातेय. पुढची जाळी काढून धुवा. आपल्याकडे रस्त्याची धूळ तिच्यावर नमद्यासारखी बसते.

शेवटी त्याच लोडवर बाजूचं झाकण काढा. प्रोसेसर सात-आठ अंशांनी उतरला तर कॅबिनेटची हवा कमी पडतेय. दोन अंशही हलला नाही आणि वरची वजाबाकी मात्र वाढलेली असेल, तर कूलर नीट बसलेला नसेल किंवा पेस्ट गेली असेल, आणि तेव्हा मित्राचं ऐका. तुमच्या ५६०० ची कमाल मर्यादा ९० आहे, तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो.

प्रश्न : इन्फ्रारेड गनने (न टेकवता तापमान मोजणाऱ्या) हीटसिंक, म्हणजे कूलरचा धातूचा भाग, ३३ दाखवतो, हाताला मात्र चटका बसतो. गन बिघडली का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : गन ठीक असणार. चकचकीत ॲल्युमिनियम स्वतःची उष्णता फार थोडी बाहेर फेकतं आणि खोलीचीच परावर्तित करतं, गन ती वाचते. हीटसिंकच्या कडेला वायरमनकडची काळी इन्सुलेशन टेप बोटभर चिकटवा, दोन मिनिटं थांबा आणि टेपवर नेम धरा. जवळून धरा, १२:१ ची गन ३० सेंटिमीटरवरून अडीच सेंटिमीटरचं वर्तुळ बघते, आणि टेप त्याहून अरुंद असली तर शेजारचा चकचकाट पुन्हा मोजला जाईल. लाल ठिपका फक्त नेमासाठी असतो, गन तेवढ्याच जागेचं माप घेत नाही. माप झालं की टेप काढून टाका.