आयुष्मान कार्डावर ॲक्युपंक्चर होतं का?

आईच्या गुडघ्यांसाठी चोपड्याहून जळगावला ॲक्युपंक्चरला न्यायचंय, कार्ड चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. आयुष्मान भारत आणि महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कवच आहे, पण ते ठरलेल्या शस्त्रक्रिया-उपचारांसाठी, बहुतेक वेळा दाखल झाल्यावरच. सुया टोचून घेऊन तासाभरात घरी येणं त्यात बसत नाही. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा 2015 चा वेगळा कायदा आहे, त्यामुळे लोकांची गल्लत होते. पण मान्यता वेगळी, विमा वेगळा.

माझ्या मावशीचे गुडघे कापूस वेचून वेचून गेले. एका ठिकाणी 'कार्ड चालतं' म्हणाले. तिने पिशवीत जपलेलं कार्ड काउंटरवर ठेवलं, तर दहा वेळांचे पैसे रोख मागितले. तिचा तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. म्हणून निघण्याआधी आयुष्मान भारतच्या 14555 या हेल्पलाइनवर फोन करा, नाहीतर योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या तिथल्या माणसाला, विचारा.

त्याआधी उपजिल्हा रुग्णालयात गुडघे दाखवाच. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. आणि आईला रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर सुया टोचणाऱ्याला ते आधी सांगा.