जनुक बदललेला उंदीर आणि आपले यकृत

प्रश्न : माझे वय 46 आहे. मी सडपातळ आहे, मद्याला कधी हात लावलेला नाही. तरीही वार्षिक तपासणीतील सोनोग्राफीत ‘ग्रेड 1 फॅटी लिव्हर’ निघाले. तेव्हापासून या आजाराविषयी जे जे वाचतो, त्यात जनुके बदललेल्या उंदरांवरील प्रयोगांचा उल्लेख असतोच. ज्या प्राण्याची जनुके माणसानेच बदलली, त्याच्यावरून माझ्या यकृताविषयी काय कळणार?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे. यकृतात मेद साचण्यामागे आहार, वजन, इन्शुलिनला शरीराने दिलेला थंड प्रतिसाद आणि आनुवंशिकता अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. माणसात ती सुटी करून पाहता येत नाहीत, कारण दोन माणसे आयुष्यभर तंतोतंत सारखे जेवत नाहीत, आणि यकृताचा तुकडा काढून तपासणे ही वारंवार करण्याजोगी गोष्ट नव्हे. प्रयोगशाळेतील एकाच वाणाचे उंदीर मात्र आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकसारखे असतात. त्यांना एकच खाद्य दिले, एकाच खोलीत ठेवले आणि निम्म्यांमध्ये फक्त एक जनुक बदलले, तर दोन गटांच्या यकृतांत दिसणारा फरक त्या जनुकाच्याच खाती मांडता येतो. हे उंदीर आपल्या आजाराची हुबेहूब प्रतिकृती असतात असे मात्र नाही. प्रत्येक उंदीर एका नेमक्या प्रश्नासाठी घडवलेला असतो, आणि प्रश्न चुकीचा विचारला तर उत्तरही दिशाभूल करणारे येते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पीएनपीएलए3 या जनुकाचे आहे. अमेरिकेतील डॅलस येथे हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांच्या गटाने हजारो नागरिकांच्या यकृतातील मेद मोजला, त्याची त्यांच्या जनुकांशी सांगड घातली आणि 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनात 148 व्या जागी आयसोल्युसिनऐवजी मेथिओनिन हे अमिनो आम्ल असेल, तर यकृतात मेद अधिक साचतो. हा बदल आई आणि वडील अशा दोघांकडूनही आलेल्या व्यक्तींच्या यकृतातील मेद, तो बदल मुळीच नसलेल्यांच्या दुपटीहून अधिक होता. एवढा ठळक आनुवंशिक धागा या आजारात तोवर हाती लागला नव्हता.

मग स्वाभाविक तर्क असा झाला की, हे प्रथिन मेद विरघळवण्याचे काम करत असावे आणि बदलामुळे ते निकामी होत असावे. तसे असेल तर उंदरातून ते जनुक काढूनच टाकले की त्याच्या यकृतात मेद साचायला हवा. जनुक अशा रीतीने बंद केलेल्या उंदराला ‘नॉकआउट’ म्हणतात. ते तंत्र उभे करणाऱ्या कापेक्की, एव्हन्स आणि स्मिथीज या शास्त्रज्ञांना 2007 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पीएनपीएलए3 नसलेले नॉकआउट उंदीर तयार झाले, त्यांना चरबीयुक्त खाद्यही देऊन पाहिले, आणि त्यांच्या यकृताला काहीच झाले नाही. माणसात इतके प्रभावी ठरणारे जनुक उंदरात असले काय आणि नसले काय, सारखेच, असे चित्र उभे राहिले. एखाद्याने तेथेच थांबून ‘उंदीर या आजारासाठी निरुपयोगी’ असा शेरा मारला असता तर त्याला दोष देता आला नसता.

चूक उंदराची नव्हती, प्रश्नाची होती. रुग्णांमध्ये ते प्रथिन गैरहजर नसते. ते असते, फक्त बिघडलेल्या रूपात असते. म्हणून पुढे जनुक काढून न टाकता त्यात माणसातला तोच एका अमिनो आम्लाचा बदल जसाच्या तसा उतरवला गेला. अशा उंदराला ‘नॉक-इन’ म्हणतात. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात साधे खाद्य खाणाऱ्या नॉक-इन उंदरांचे यकृत ठीकच राहिले. पण भरपूर साखर असलेले खाद्य सुरू करताच त्यांच्या यकृतातील मेद सामान्य भावंडांच्या दोन ते तीन पट झाला. साखरेमुळे या जनुकाचे काम वाढते, हे त्यामागचे कारण आहे. (तुपाला घाबरून चहात तीन चमचे साखर घालणाऱ्यांनी हा उंदीर लक्षात ठेवायला हरकत नाही, अर्थात उंदराचे पथ्य माणसाला जसेच्या तसे लागू होत नाही.)

नॉक-इन उंदरांमुळे यंत्रणाही उलगडली. पेशीतील मेदाच्या थेंबांवर बसलेले सामान्य प्रथिन काम झाल्यावर मोडीत काढले जाते. बदललेले प्रथिन ही विल्हेवाट चुकवते आणि थेंबांवर ठाण मांडून साचत राहते. तेथे ते मेद फोडणाऱ्या दुसऱ्या एका विकराच्या मदतनीसाला अडकवून ठेवते, त्यामुळे त्या विकराचे काम मंदावते आणि मेद पडून राहतो. म्हणजे आजार प्रथिनाच्या अभावाने नव्हे तर त्याच्या अडवणुकीने होतो. यातून उपचाराची दिशाच उलटली. प्रथिनाची उणीव भरून काढण्याऐवजी त्याची निर्मितीच थांबवावी असा विचार पुढे आला, नॉक-इन उंदरांत तसे केल्यावर यकृताची स्थिती सुधारली, आणि हा मार्ग आता मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचला आहे.

आपल्यासारख्या सडपातळ व्यक्तींतही हा आजार आढळतो, आणि हा जनुकीय बदल त्यामागच्या कारणांपैकी एक असू शकतो. तो आपल्यात आहे किंवा नाही हे सोनोग्राफीवरून कळत नाही. तूर्त आपल्या डॉक्टरांना साखर, रक्तातील चरबी आणि यकृताच्या कडकपणाची तपासणी यांविषयी विचारणे अधिक उपयोगाचे होईल.

प्रश्न : ‘उंदरांचे फॅटी लिव्हर बरे झाले’ अशा बातम्या अनेक वर्षे वाचते आहे. मग औषधे बाजारात इतकी उशिरा का येतात?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : बातमीत ‘उंदीर’ हा एकच शब्द असतो, पण कोणता उंदीर हे सहसा नसते. या क्षेत्रातील सर्वांत जुन्या उंदरांपैकी एक, अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत 1949 मध्ये आपोआप घडलेल्या जनुकीय बदलातून जन्मलेला अतिलठ्ठ उंदीर, माणसाने बदललेला नव्हताच. भूक आवरणारे लेप्टिन हे संप्रेरक त्याच्यात तयार होत नाही, हे 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधले. या उंदराचे यकृत मेदाने भरते. पण रुग्णाच्या जिवावर बेतणारी पुढची पायरी, म्हणजे यकृतात तंतू वाढून ते निबर होणे (त्याची शेवटची अवस्था म्हणजे सिरोसिस), त्याच्यात सहसा येत नाही, कारण त्या तंतूंच्या वाढीलाही लेप्टिन लागते. अशा उंदरात मेद कमी करणारे औषध सिरोसिस टाळेलच असे म्हणता येत नाही.

काही वेळा तर उंदीर आणि माणूस विरुद्ध दिशांना बोट दाखवतात. एचएसडी17बी13 हे जनुक निकामी असलेल्या माणसांना यकृताच्या दीर्घकालीन आजारांचा धोका कमी असतो, असे 2018 मध्ये दिसून आले. तेच जनुक काढलेल्या उंदरांच्या यकृतात मात्र मेद साचला. खोलीचे तापमानही खेळ बदलते. माणसाला सुखकर असलेले 20 ते 22 अंश सेल्सिअस उंदराला थंड वाटते, आणि ऊब टिकवण्यासाठी तो मेद जाळत राहतो. 30 अंशांच्या आसपास ठेवल्यास त्याच्यातील आजार माणसातील आजाराच्या अधिक जवळ जातो.

या टप्प्यांतून निभावून आलेल्या औषधांचेही यश माफक असते. अमेरिकेत मार्च 2024 मध्ये मान्यता मिळालेल्या रेस्मेटिरॉमच्या चाचणीत, सूज असलेल्या प्रकारच्या रुग्णांपैकी मात्रेनुसार सुमारे 26 ते 30 टक्के रुग्णांमध्ये 52 आठवड्यांत ती सूज नाहीशी झाली. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 10 टक्के होते. उंदरांच्या बातम्यांतील ‘बरे झाले’ या शब्दांशेजारी हे आकडे ठेवून पाहावेत.

प्रश्न : या उंदरांना होणाऱ्या त्रासाचा विचार कोणी करते का?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : करावा लागतो. भारतात 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती आहे आणि प्रयोग करणाऱ्या संस्थेला स्वतःची प्राणी नैतिकता समितीही ठेवावी लागते. प्राण्याला पर्याय शोधणे, संख्या कमी करणे आणि त्रास कमी करणे ही त्रिसूत्री 1959 मध्ये मांडली गेली आणि आज ती जगभर मानली जाते. माझ्या मते त्यातील दुसरे सूत्र प्रश्न नेमका ठरवण्यावरच अवलंबून आहे, कारण अयोग्य उंदरावर केलेल्या प्रयोगात ते सारे प्राणी वाया जातात आणि पुढे योग्य उंदरावर तो प्रयोग पुन्हा करावाच लागतो.