मोबाइल, पिनकोड, वजन अशा कॉलमसाठी स्वतःचा डेटा टाइप बनवावा का?

तुमचा प्रश्न असा की मोबाइल, पिनकोड, वजन हे कॉलम टेबलागणिक येतात, तर त्यांचा वेगळा टाइप, म्हणजे कॉलममध्ये काय आणि किती बसेल याचा नियम, करून ठेवावा का. करा, पण मोजक्याच गोष्टींचा.

मी जळगावचा, रावेर-सावदा भागातल्या केळी व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या पहिल्या डेटाबेसमध्ये वजनकाट्याच्या टेबलात वजन न्यूमरिक ८,३ (एकूण आठ अंक, त्यातले तीन दशांशानंतर) होतं आणि शेतकऱ्याच्या पट्टीच्या, म्हणजे मालाच्या हिशोबाच्या कागदाच्या, टेबलात ८,२. दोन्हीकडे क्विंटलच. काट्यावरचे १२.३४४ क्विंटल पट्टीत १२.३४ झाले. एरर नाही, इशारा नाही, डेटाबेसने गुपचूप राउंड केलं. एका शेतकऱ्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, "भाऊ, हे चारशे ग्रॅम कुठे गेले?" ते मला फार लागलं. त्याच्या घामाचं वजन होतं ते.

तेव्हापासून पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये क्रिएट डोमेन (नियमासकट स्वतःचा टाइप, म्हणजे डोमेन, बनवायची कमांड) वापरून 'वजन क्विंटल' हा एकच टाइप केला: तीन दशांश, शून्याहून जास्त. तसंच मोबाइल, १० अंक, पहिला ६ ते ९. पिनकोड ६ अंकी, पहिला शून्य नाही. आयएफएससी, म्हणजे बँक शाखेचा कोड, ११ अक्षरांचा, पाचवं कायम शून्य. गट नंबर मात्र नीट बघा. नवीन मुलं तो इंटिजर धरतात आणि सातबाऱ्यावर १४५/२/अ निघालं की अडकतात. तो टेक्स्टच हवा, आणि हा निर्णय एकदाच, एका जागी व्हावा. टाइपचं नाव अर्थावरून द्या. 'व्हारकॅर पन्नास' (पन्नास अक्षरांपर्यंतचा मजकूर) अशा नावाचा टाइप केला तर काहीच साधत नाही.

नाव, पत्ता, शेरा यांना हात लावू नका. नॉट नल (रिकामं चालणार नाही) ही अट डोमेनमध्ये घालू नका, कॉलमवर घाला. लेफ्ट जॉइनने दोन टेबलं जोडताना दुसऱ्या टेबलात जोडी सापडली नाही, तर डोमेनचा कॉलमही नल येतोच.

अडचण बदलाच्या वेळी येते. पोस्टग्रेसमध्ये चेक, म्हणजे 'शून्याहून जास्त' अशी अट, बदलता येतो, पण मूळ टाइप बदलायचा तर नवं डोमेन करून एकेक कॉलम हलवावा लागतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्रिएट टाइपने केलेल्या टाइपला ऑल्टर (बदलायची कमांड) नाहीच, आणि कुठल्या कॉलमात वापरात असेल तर ड्रॉपही होत नाही, म्हणजे काढूनही टाकता येत नाही. शिवाय त्यात चेक बसत नाही, तो प्रत्येक टेबलावर वेगळा लिहावा लागतो. म्हणून तिथे मी दोन-तीनच टाइप ठेवतो. मायएसक्यूएलमध्ये ही सोयच नाही.

टाइप करण्याआधी इन्फर्मेशन स्कीमातून (डेटाबेस स्वतःच्या टेबलांची यादी जिथे ठेवतो तिथून) सगळ्या टेबलांचे कॉलम काढा आणि नावाने लावून बघा. एकाच नावाचा कॉलम जिथे दोन मापांचा सापडेल, तिथून सुरुवात करा.