नवी गाडी, ऑइल कधी बदलायचं?

भाऊ, पहिली कार घेतली, अभिनंदन! आधी गाडीसोबतची पुस्तिका वाच. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. पण आपल्याकडे भुसावळचा मे महिना, शेतरस्त्याची धूळ, वर रोजचं दोन-तीन किलोमीटरचं बाजारापर्यंतचं जाणं. एवढ्याशा फेरीत इंजिन नीट तापतच नाही. अशाने ऑइल लवकर खराब होतं, म्हणून मी तर ७,००० लाच बदलतो.

नवशिके इथे चुकतात:
- गाडी कमी फिरली म्हणून वर्ष उलटू देतात.
- ऑइल नवं, ऑइल गाळणारा फिल्टर जुनाच!
- ऑइल काळं दिसलं की घाबरतात. डिझेलमध्ये ते लवकर काळं होतंच.
- डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी बघायची पट्टी) वरच्या खुणेपुढे भरतात. जास्त ऑइलही वाईट.

डिपस्टिक महिन्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन बंद करून थोड्या वेळाने बघ. ऑइलचा ग्रेड (किती घट्ट-पातळ ते सांगणारा डब्यावरचा आकडा) पुस्तिकेतलाच.