लंडनमधल्या जतन केलेल्या जुन्या पबमध्ये रिअल एल आणि जेवण घ्यायचं असेल तर काय माहीत असायला हवं?

लंडनमध्ये एकच संध्याकाळ मोकळी, जुना पब बघायचाय, रिअल एल (पिंपातच मुरत राहणारी पारंपरिक ब्रिटिश बीअर) चाखायचीय, जेवायचंही आहे आणि सोबतचे दोघे शाकाहारी, असं तुम्ही लिहिलंय. आधी जागा ठरवू.

सगळं एकाच ठिकाणी उरकायचं तर सदर्कमधला 'द जॉर्ज'. लंडन ब्रिज स्टेशनवर उतरून बरो हाय स्ट्रीटला या. पब रस्त्याला लागून नाही. फाटकातून आत गेलं की अंगण आणि अंगणाच्या कडेला पब, त्यामुळे बरेच जण न बघता पुढे निघून जातात. आधीची सराई १६७६ च्या आगीत गेली आणि ही १६७७ मध्ये उभी राहिली. घोडागाड्यांच्या काळातल्या अशा सरायांना अंगणाभोवती लाकडी सज्जे असत. लंडनमध्ये सज्जा असलेली सराई आता ही एकच, आणि तीही एका बाजूपुरती. बाकीचा भाग १८८९ मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने पाडला. १९३७ पासून वास्तू नॅशनल ट्रस्टकडे आहे, पण म्हणून तिकीट वगैरे काही नाही, रोजचा चालता पब आहे. बरो मार्केट जवळच असल्यामुळे शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नसते. मंगळवार किंवा बुधवारी पाचच्या आत पोचा.

जीर्णोद्धार कसा असावा हे बघायचं असेल तर होबर्न स्टेशनजवळचा 'प्रिन्सेस लुईझ'. इमारत १८७२ ची, आतली टाइल्स, कोरीव आरसे आणि काचांची सजावट १८९१ ची. मधल्या काळात काढून टाकलेली लाकडी पार्टिशनं २००७-०८ च्या दुरुस्तीत पुन्हा बसवली, त्यामुळे मधल्या बारभोवती पुन्हा छोटे छोटे कप्पे तयार झाले. पुरुषांचं स्वच्छतागृहसुद्धा बघण्यासारखं आहे, थट्टा नाही. हा पब सॅम्युअल स्मिथ या यॉर्कशरच्या ब्रुअरीचा (बीअर बनवणाऱ्या कंपनीचा), म्हणजे मिळणार ते तिचंच. या कंपनीने २०१९ पासून आपल्या पबमध्ये मोबाइल वापरायला मनाई केली आहे. फोन आला तर बाहेर जाऊन घ्या.

आता एल. आपल्याकडची लागर, म्हणजे नेहमीची बीअर, गाळून, गॅस भरून, थंडगार येते. रिअल एल ज्या पिंपातून ग्लासात येते त्याच पिंपात ती शेवटपर्यंत मुरत असते. आत जिवंत यीस्ट असतं आणि बाहेरून गॅस दिला जात नाही. नेहमीचं पिंप म्हणजे फर्किन, ९ गॅलनचं, सुमारे ४१ लिटर किंवा ७२ पिंट. तळघरात ते आडवं ठेवतात, वरच्या बुचात सच्छिद्र लाकडी खुंटी मारून जादा गॅस जाऊ देतात, गाळ खाली बसेपर्यंत एक-दोन दिवस हलवत नाहीत आणि मग समोर तोटी ठोकतात. रात्री दुकान बंद करताना घट्ट खुंटी मारायची, नाहीतर सकाळपर्यंत उरलासुरला गॅसही उडून जातो. एकदा पिंप उघडलं की हवा आत शिरते आणि साधारण तीन दिवसांत बीअर उतरणीला लागते. इमारत कितीही देखणी असो, तळघर सांभाळणारा आळशी असेल तर ग्लासात काही उरत नाही.

म्हणून आत शिरल्यावर लगेच मागवू नका. बारवर उभे लाकडी दांडे दिसतील, ते हँडपंप. दोन-तीन मिनिटं बघा, कुठला दांडा सारखा ओढला जातोय. तोच घ्या. ज्याला तासभर कुणी हात लावलेला नाही, त्याच्या नळीत राहिलेली बीअर कोमट झालेली असते आणि पहिला ग्लास तिचाच भरतो. एका बारवर दहा पंप दिसले की भुलू नये, गिऱ्हाईक तेवढं नसेल तर निम्मी पिंपं शिळी असतात. मला तीन-चार पंपांचा पब केव्हाही बरा वाटतो. हल्ली काही ठिकाणी कीगमधली, म्हणजे गॅस भरलेल्या बंद पिंपातली बीअरही हँडपंपातून देतात, तेव्हा 'इज इट कास्क?' (रिअल एलच्या पिंपातली आहे का?) एवढं विचारून घ्या.

पिंट म्हणजे ५६८ मिली. आधी 'हाफ' घ्या, किंवा चाखायला थोडी मागा, बहुतेक ठिकाणी देतात. नवख्याने साडेतीन ते चार टक्के अल्कोहोलच्या बिटरपासून, म्हणजे कडसर चवीच्या एलपासून, सुरुवात करावी. एल ११ ते १३ अंशांना देतात, म्हणजे गार पण थंडगार नाही, आणि फसफसही बेताची असते. ती गरम आहे म्हणून तक्रार केलीत तर हसतील. पण व्हिनेगरसारखी आंबट, ओल्या पुठ्ठ्यासारखी किंवा अगदीच मेलेली लागली तर दोन घोटांतच परत न्या. अर्धा ग्लास संपवून नेलात तर कुणी ऐकणार नाही. गढूळ असेल तर आधी विचारा, कारण काही एल मुद्दामच गढूळ ठेवतात. नाहीतर पिंपाचा तळ लागलाय असं समजा.

ऑर्डर बारवरच द्यायची, पैसे तिथेच. रांग दिसत नसली तरी कोण आधी आलं हे बारमनच्या डोक्यात असतं. हात हलवू नका, नजर मिळाली की पुरे. जेवणासाठी टेबलाचा नंबर आधी बघून या. पंचविशीच्या आतले दिसत असाल तर वयाचा पुरावा मागतील. आधार कार्ड चालणार नाही, मूळ पासपोर्ट जवळ ठेवा.

शाकाहाऱ्यांचा मुद्दा सगळ्यात नाजूक. एल निवळावी म्हणून पिंपात बरेचदा आयसिंग्लास घालतात. हे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं. ते गाळासोबत तळाशी बसतं, पण कडक शाकाहाऱ्याला हे चालणार नाही, आणि बीअरमधल्या आयसिंग्लासला ॲलर्जीच्या सक्तीच्या यादीतून सूट असल्यामुळे ते तिथे लिहिलेलं सापडणार नाही. थेट विचारा, 'इज इट अनफाइन्ड ऑर व्हीगन?' (असं काही न घालता ठेवलेली, किंवा व्हीगन आहे का?) बारमनला ठाऊक नसेल तर त्या दोघांना व्हीगन लिहिलेली बीअरची बाटली किंवा व्हीगन लिहिलेलीच सायडर (सफरचंदाची दारू) द्या.

जेवणातही तसंच. चिप्स काही पबमध्ये गाईच्या चरबीत तळतात. यॉर्कशर पुडिंग (रोस्टसोबतचा पिठाचा फुगीर पदार्थ, गोड नाही) तेही परंपरेने त्याच चरबीत भाजतात, आणि रविवारच्या रोस्टवरची ग्रेव्ही मांसाच्या रसाची असते. भाजीच्या पायचं आवरण सूएटचं, म्हणजे चरबीचं, असू शकतं. वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात, त्यामुळे चीज-टोस्टवर ते शिंपडलंय का तेही विचारावं. मेनूवर 'व्ही' (शाकाहारी) लिहिलेलं असलं तरी तळणीचं तेल वेगळं आहे का हा प्रश्न उरतोच.

किचन बारच्या बरंच आधी बंद होतं, बहुतेक ठिकाणी रात्री नऊच्या सुमारास, आणि काही पबमध्ये दुपारीही मधे दोन-तीन तास. टेबल मिळालं की आधी जेवण सांगा, दुसरा ग्लास नंतर. 'लास्ट ऑर्डर्स'ची घंटा झाली की मागवायला थोडाच वेळ असतो. त्यानंतर ग्लास संपवायला साधारण वीस मिनिटं देतात.