'हेन्चमन'ला मराठीत काय म्हणायचं? खलनायकाच्या पदरचा कारागीर

प्रश्न असा आहे की ही-मॅन या नायकाच्या २००२ च्या कार्टून सिरीजमधल्या ट्राय-क्लॉप्स या पात्राची ओळख मराठीत लिहायचीय, तो स्केलेटॉर या खलनायकाचा 'इन्व्हेन्टर हेन्चमन', तर त्याला 'आविष्कारक गुर्गा' म्हटलं तर चालेल का.

मला दोन्ही शब्द खटकले. गुर्गा हिंदी डबिंगमधून आलाय, मराठीत तो उपराच वाटतो. आविष्कार आपलाही आहे पण आपला अर्थ वेगळा, कलाविष्कार म्हणतो तेव्हा आतलं काहीतरी बाहेर प्रकट होतं असं म्हणायचं असतं. नवीन यंत्र निघालं की हिंदीत आविष्कार होतो, मराठीत शोध लागतो. संशोधनाचंही तसंच, हिंदीत कायद्यात संशोधन होतं आणि आपल्याकडे दुरुस्ती, त्यामुळे असे शब्द उचलताना जपूनच.

आता हेन्चमन. हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या घोडा अर्थाच्या 'हेंगेस्ट'वरून आला असं मानतात, म्हणजे मुळात हा घोड्यामागे राबणारा माणूस, आपला मोतद्दारच की! पुढे तो धन्याचा खास माणूस झाला आणि मग वाईट कामातला साथीदार. मराठीत या शेवटच्या अर्थाला शब्द भरपूर आहेत, पण प्रत्येकाची चव वेगळी. पंटर म्हटलं की गल्लीतला भाई आठवतो, बगलबच्चा नुसता मागेमागे फिरणारा, त्याला स्वतःचं कसब असेलच असं नाही. हस्तक सगळ्यात जवळचा, बातम्यांतही तोच असतो, पण हस्तक म्हटलं की धन्याच्या वतीने बाहेर जाऊन काम उरकणारा माणूस डोळ्यासमोर येतो. ट्राय-क्लॉप्सची गंमत ही की तो उडते यांत्रिक हेर बनवून पाठवतो, ते डूमसीकर्स, आणि स्नेक माउंटन या स्केलेटॉरच्या अड्ड्यात बसून त्यांच्यामार्फत नजर ठेवतो, म्हणजे हस्तकाचं काम ती यंत्रंच करतात!

म्हणून मी म्हणेन की नामाच्या मागे लागूच नका. मराठीत हे नातं सांगायला 'पदरी असणे' हा इतका सुंदर प्रयोग आहे. राजाच्या पदरी कवी असतो, सरदाराच्या पदरी सैनिक असतात, धनी चांगला की वाईट याच्याशी पदराला काही देणंघेणं नाही. 'स्केलेटॉरच्या पदरी असलेला यंत्रतज्ज्ञ' म्हटलं की चाकरी पण आली, कसब पण आलं आणि आश्रय पण आला. बोलण्यातला शब्द हवा असेल तर 'खटपट्या' वापरा, मला तो फारच आवडतो, कारण खटपट म्हणजे सतत काहीतरी जुळवत बसणं आणि खटपट म्हणजे कारस्थान पण, खलनायकाच्या माणसाला दोन्ही अर्थ लागू पडतात.

यंत्रतज्ज्ञ कोरडा वाटत असेल तर कारागीर घ्या, त्याला या पात्राच्या नावातूनच आधार मिळतो. ट्राय-क्लॉप्स हे ग्रीक कथांतल्या सायक्लॉप्स या एकाक्ष राक्षसावरून केलेलं नाव. मूळ ग्रीक शब्दात 'कुक्लोस' म्हणजे वर्तुळ आणि 'ऑप्स' म्हणजे डोळा, म्हणजे 'क्लॉप्स' हा तुकडा भलत्याच जागी तोडलाय, पण खेळण्याच्या नावाला तेवढं चालायचं. महत्त्वाचं हे की हेसिऑड या प्राचीन ग्रीक कवीने ज्या सायक्लॉप्सांची गोष्ट सांगितलीय ते देवांचा राजा झ्यूस याला वज्र घडवून देणारे कारागीर आहेत. आपल्या मयासुराची आठवण येते, असुर असून पांडवांना सभा बांधून देणारा.

एक मात्र सांभाळा. २०२१ च्या 'मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स: रेव्हलेशन' या सिरीजबद्दल लिहिणार असाल तर पदरी हा शब्द तसाच उचलू नका, तिथे स्केलेटॉर गेल्यावर हा यंत्रांची पूजा करणारा स्वतःचा पंथ काढतो. तिथे त्याच्यावर धनीच उरलेला नाही, त्यामुळे तिथे पंथाचा म्होरक्या म्हणा, आणि त्याच्यामागून चालणाऱ्यांना खुशाल चेलेचपाटे म्हणा.